ठिबकचं प्रेशर आणि भास्कराचार्यांची उलटी वाट

सांगोल्याहून एका वाचकांनी विचारलंय : अकरावीतल्या मुलीला वर्गमुळाच्या फलनाचं व्यस्त फलन काढायला दिलंय, हे कुठं लागतं? लांब जायला नको. आसपासच्या कुठल्याही डाळिंबाच्या बागेत लागतं.

ठिबकच्या साध्या ड्रिपरमधून पडणारं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. एक किलो प्रेशरला तासाला ४ लिटर देणारा ड्रिपर पाव किलोला एक लिटर देईल असं वाटतं, देतो दोन. मात्र ८ लिटर हवं असेल तर दोन किलो पुरत नाहीत, चार लागतात. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, शेवटी प्रेशर २० टक्क्यांनी पडलं, तरी तिथल्या झाडाचं पाणी जेमतेम १० टक्क्यांनी घटतं. वर्गमूळ इथं शेतकऱ्याच्या बाजूनं आहे!

सूत्र असं : ल = ४√प्र (ल म्हणजे तासाचे लिटर, प्र म्हणजे किलोतलं प्रेशर). बागेत प्रश्न मात्र उलटा पडतो : इतकं पाणी हवंय, प्रेशर किती ठेवू? दोन्ही बाजूंचा वर्ग केला की प्र = ल²/१६, हेच व्यस्त फलन. शेजारी ‘ल ≥ ०’ लिहायचं. नाहीतर हे सूत्र उणे ४ लिटरलाही मुकाट्यानं एक किलो प्रेशर सांगेल, म्हणजे ड्रिपर झाडाचंच पाणी ओढणार.

ही उलटी वाट जुनी आहे. आर्यभटानं ती इसवी सन ४९९ मध्ये सांगितली आणि भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त तिला ‘विलोम विधी’ म्हणून झकास उदाहरण जोडलं. (आपल्याला मात्र भास्कराचार्यांच्या लेकीच्या, लीलावतीच्या लग्नाची घटका चुकल्याची गोष्टच पाठ. ती येते अकबराचा दरबारी कवी फैजी याच्या १५८७च्या फारसी भाषांतरात, चारशेहून अधिक वर्षांनी.)

उदाहरण असं : एका संख्येला ३नं गुणा, गुणाकाराचा पाऊण भाग त्यात मिळवा, ७नं भागा, आलेल्याचा तिसरा हिस्सा वजा करा, वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ काढा, ८ मिळवा, १०नं भागा, येतात २. आता शेवटाकडून निघा. २ गुणिले १० म्हणजे २०, त्यातून ८ गेले, १२. वर्गमुळाच्या जागी वर्ग : १४४. अधिक ५२, १९६. वर्गाच्या जागी वर्गमूळ : १४. तिसरा हिस्सा जाऊन १४ उरले, म्हणजे आधी २१; गुणिले ७, १४७; पाऊण भाग मिळवून हे झाले, म्हणजे आधी ८४; आणि ३नं भागून शेवटी २८.

ग्रंथातलं उत्तर २८च. पण −२८ घालून पाहा, शेवटी २च येतात! वर्गमूळ उलटवताना १२चे १४४ झाले, तिथं दुसरी वाट नव्हती. वर्ग उलटवताना मात्र १९६चं मूळ १४ आणि −१४ असं दोन्ही निघतं. भास्कराचार्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. धन संख्येचं मूळ धनही असतं आणि ऋणही, असं त्यांनीच ‘बीजगणिता’त लिहून ठेवलंय.