आधी पृथ्वी, मग देश
शाळा जगाची : लेखांक ४

१९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. वर्गात देशोदेशींची मुलं. मग इतिहास-भूगोल शिकवायचा तो कुणाचा? या पेचाला हात घातला मारी-तेरेझ मोरेत यांनी. १९२९ पासून वीस वर्षं त्या शाळेच्या प्रमुख होत्या. १९४८ साली युनेस्कोसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत त्यांनी आपली पद्धत मांडली.

त्यांचा भर भूगोलावर. मुलाला आधी सबंध पृथ्वी ओळखीची व्हावी, स्वतःचा देश नंतर यावा. नकाशेही ध्रुव मध्यभागी धरून काढलेले. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात दोन टोकांना पडलेले रशिया आणि अमेरिका त्यात अगदी शेजारी निघतात, आणि युरोपाची मधली जागा जाते. मधोमध असतो नुसता बर्फ! इतिहास मात्र बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावा आणि तोही रकाने आखून : एकाच काळात चीनमध्ये काय, भारतात काय, युरोपात काय.

आपल्या अध्यापक विद्यालयांत याच्या उलट सूत्र घोटून घेतात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणून तिसरीत जिल्हा, चौथीत शिवछत्रपती. मला विचाराल तर भूगोलात बाईंचं खरं आहे. पृथ्वीचा गोल फिरवायला सहा वर्षांच्या पोराला जिल्ह्याच्या सीमा पाठ असाव्या लागत नाहीत. इतिहासाचं मात्र आपल्याकडे जमायचं नाही. गणपतीच्या देखाव्यात अफझलखान पाहिलेलं मूल बाराव्या वर्षापर्यंत गप्प कसं बसेल?

पण रकान्यांची युक्ती चौथीच्या वर्गातही चालेल. १६७४ घ्या. रायगडावर राज्याभिषेक होतोय आणि तिथे हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज वकील नजराणा घेऊन हजर आहे. हा आला कुठून? मुंबईहून. मुंबई इंग्रजांची कशी? पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात १६६१च्या तहाने ती इंग्लंडच्या राजाला मिळाली, त्याने पुढे कंपनीला दिली. त्याच १६७४ साली दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब, फ्रान्समध्ये चौदावा लुई, चीनमध्ये कांगशी सम्राट. फळ्यावर चार उभ्या रेघा मारल्या की झालं. रायगड जागचा हलत नाही, त्याच्याभोवतीचं जग तेवढं दिसू लागतं.

मोरेतबाईंच्या शाळेचा पुढे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. त्या संस्थेचा तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा अभ्यासक्रम १९९७ साली आला. सहा व्यापक विषयांभोवती तो गुंफलेला आहे. ‘स्थळ-काळात आपण कुठे आहोत’ हा त्यातलाच एक. मुंबई-पुण्यात हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांची फी सामान्य पालकाला परवडणारी नाही. आणि फी भरूनही पुष्कळदा हाती काय येतं, तर वर्षातून एकदा झेंडे, पोशाख आणि पास्ता. ऑक्झेंडनचा धडा घ्यायला जिल्हा परिषदेच्या शाळेतला फळा पुरतो. शिक्षकाला मात्र आदल्या रात्री वाचावं लागतं, आणि जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते यांतून ती रात्र त्याच्या हाती राहिली तर.

पुढच्या आठवड्यात : एकाच शाळेत दोन माध्यमभाषा जिनिव्हात कशा चालल्या?