घरकुल मंजूर झाले, पण सातबारा कुणाचा?

वडखळ : घरकुलासाठी सरकार किती पैसे देते, हा प्रश्न सगळेच विचारतात. पेण-रोहा पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. घर बांधायची जागा कुणाच्या नावावर आहे?

आधी पैशांचे बघू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये साध्या भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार मिळतात. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी वेगळी. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये आणखी 50 हजार जाहीर केले, त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलला. नव्या वाळू धोरणात 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, वाहतूक मात्र आपली.

कातकरी समाजाला केंद्राने आदिम जमातींत धरले आहे. त्यामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून त्यांना घरासाठी 2 लाख मिळतात. बाकीच्या आदिवासींना शबरी आवास योजना आहे. चौकशीला पंचायत समिती किंवा पेणचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय.

आता जागा. पुष्कळ वाड्या दोन-तीन पिढ्यांपासून खासगी मालकाच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर आहेत. घरपट्टीची पावती असते, विजेचा मीटर असतो, म्हणून माणसाला वाटते जागा आपलीच. पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. महामार्गामुळे जमिनीला भाव आला, तसे पूर्वी काही न बोलणारे मालकही आता पक्क्या बांधकामाला हरकत घेऊ शकतात. अशा वेळी 2 लाखांची मंजुरी कागदावरच राहते.

यातून वाटा आहेत, पण सोप्या नाहीत. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमिनीवर राहत असल्यास वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेकडे दावा करता येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 प्रमाणे वस्तीला गावठाण ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी वाडीने मिळून प्रस्ताव लावून धरावा लागतो, एकट्यादुकट्याचे ते काम नाही. पात्र पण भूमिहीन माणसाला जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 1 लाखापर्यंत मदत मिळते. वडखळ नाक्याच्या आसपास तेवढ्यात 500 चौरस फूट मिळणे कठीणच. रस्त्यापासून आत गेले तरच काही जमेल.

दुसरी अडचण वीटभट्टीची. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबे भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. बांधकामाचा हंगाम नेमका तोच. हप्ते तर जोते, छत असे काम पुढे सरकेल आणि जागेवरचा फोटो चढेल तसेच निघतात. घरात कोणी नसले की काम कुणातरी ठेकेदाराच्या हाती जाते. नियम असा की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, सरकारी खाते ठेकेदार नेमत नाही. पैसेही थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात येतात. त्यामुळे कोणी 'तुमचे घर माझ्याकडेच आले आहे' म्हणत पासबुक मागितले तर देऊ नये, आधी ग्रामसेवकाला विचारावे.

गाव सोडण्यापूर्वी आधार, जातीचा दाखला, बँक पासबुक आणि जागेचा जो असेल तो कागद यांच्या झेरॉक्स ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. जागेचा कागदच नसेल, तर गावठाणाचा किंवा वनहक्काचा विषय भट्टीवर जाण्याआधीच्या ग्रामसभेत लेखी मांडावा.