मुंबई हायचे तेल आणि संगणकातली खडकांची घरे

मुंबई, प्रतिनिधी

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाखाली १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधले आणि १९७६ पासून मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकात हे क्षेत्र दिवसाला सुमारे चार लाख बॅरल तेल देत होते. २०२४ पर्यंत हा आकडा दीड लाखाच्याही खाली आला होता. मग तेथील तेल संपत आले आहे काय? सर्वसामान्य वाचकाला पडणारा हा प्रश्न अभियंत्यांनाही पडतो, मात्र त्याचे उत्तर विहिरीत डोकावून मिळत नाही. त्यासाठी 'रिझर्व्हॉयर सिम्युलेशन', म्हणजे तेलसाठ्याची संगणकावर उभारलेली प्रतिकृती, वापरावी लागते.

भूगर्भात तेलाची तळी असतात, हा समज प्रथम दूर करायला हवा. मुंबई हायचे बहुतेक तेल चुनखडीच्या खडकातील बारीक छिद्रांत, स्पंजमध्ये पाणी मुरावे तसे मुरलेले आहे. खडकात पोकळी किती, ही झाली सच्छिद्रता. त्या पोकळ्या एकमेकींना किती जोडलेल्या आहेत आणि त्यांतून द्रव किती सहज वाहतो, ही झाली पार्यता. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा व अधिक लहरी आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप करून १८५६ मध्ये प्रवाहाचा नियम मांडला. पिण्याच्या पाण्यासाठी केलेला हा प्रयोग पुढे तेलउद्योगाचा पाया ठरला. पार्यतेचे एकक आजही 'डार्सी' हेच आहे.

विहीर खणली की खडकातील नैसर्गिक दाब तेलाला वर ढकलतो. उपसा वाढला की दाब उतरतो आणि एका मर्यादेखाली तेलात विरघळलेला वायू, सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसा, सुटू लागतो. वायू हलका व चपळ. तो विहिरीकडे आधी धावतो आणि तेल मागेच राहते. दाब टिकवण्यासाठी मग साठ्यात पाणी सोडतात. मुंबई हायमध्ये हे काम १९८४ पासून सुरू आहे. परंतु पाणीही सोपी वाट शोधते. येथील चुनखडी एकसंध नाही. पातळ शेलच्या पदरांनी ती थराथरांत विभागली आहे. एखादा थर फार पाझरणारा असला, तर पाणी त्यातूनच थेट उत्पादक विहिरीपर्यंत पोहोचते. शेजारच्या घट्ट थरातले तेल जागेवरच अडकते. ते परत मिळवणे कठीण, कधी अशक्य. मुंबई हायमधून घाईने उपसा झाला, ही टीका नव्वदच्या दशकात उत्पादन घसरल्यावर झाली, ती याच कारणाने.

हा धोका आधी कळावा म्हणून संगणकावर साठ्याचे लाखो लहान घरांत तुकडे करतात. एकेक घर लांबी-रुंदीला पन्नास-शंभर मीटर, उंचीला जेमतेम एक-दोन मीटर. प्रत्येक घराला सच्छिद्रता, पार्यता, दाब, तेल-वायू-पाण्याचे प्रमाण दिले जाते. शेजारच्या घरातून किती आले, किती गेले, किती उरले, हा हिशेब संगणक काही दिवसांच्या टप्प्याने वीस-तीस वर्षांपर्यंत करत नेतो. घरांतील दाब एकमेकांवर अवलंबून असल्याने सारी समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. डोनाल्ड पीसमन आणि हेन्री रॅचफर्ड या अमेरिकी गणितज्ञांनी १९५५ मध्ये त्यासाठी सुचवलेली पद्धत तेलउद्योगाबाहेरही रूढ झाली.

अडचण गणितापेक्षा माहितीची आहे. खडकाचा प्रत्यक्ष नमुना मिळतो तो तळहाताच्या रुंदीचा, तोही काही मोजक्या विहिरींतून. दोन विहिरींमधला खडक भूकंपलहरींच्या नोंदी आणि भूवैज्ञानिकाचा अंदाज यांवरूनच रंगवावा लागतो. म्हणून प्रतिकृतीची परीक्षा घेतात. मागच्या काळात प्रत्येक विहिरीतून खरोखर जेवढे तेल व पाणी आले, तेवढेच संगणकही दाखवतो का, ते पाहायचे आणि जुळेपर्यंत पार्यतेचे आकडे बदलत राहायचे. याला 'हिस्टरी मॅचिंग' म्हणतात. खरी मेख येथेच आहे. दोन वेगवेगळ्या प्रतिकृती भूतकाळाशी सारख्याच चोख जुळू शकतात आणि भविष्य मात्र अगदी वेगळे सांगू शकतात. त्यामुळे जाणकार एका आकड्यावर विसंबत नाहीत. अनेक प्रतिकृती चालवून किमान, मध्यम आणि कमाल अशी शक्यता देतात. संचालक मंडळांना बहुधा एकच आकडा हवा असतो, हा भाग निराळा.

गणनयंत्रेही तपासून घ्यावी लागतात. १९८१ मध्ये अझीझ ओदे यांनी एकच काल्पनिक साठा सात संस्थांना सोडवायला दिला. उत्तरे बरीचशी जवळ आली, पण तंतोतंत एक नव्हती. त्या साठ्यात घरे होती अवघी ३००. २००१ मधील तशाच चाचणीत मूळ प्रतिकृतीत ११ लाख २२ हजार घरे होती. घरे वाढली म्हणून खडकाविषयीचे अज्ञान घटले, असे मात्र नव्हे.

भारतात हे काम प्रामुख्याने ओएनजीसीच्या अहमदाबाद येथील तेलसाठा अभ्यास संस्थेत चालते. तिची स्थापना १९७८ ची. मुंबई हायच्या पुनर्विकासाची मोठी योजना २००० नंतर हाती घेण्यात आली. नव्या विहिरी कोठे, आडव्या की उभ्या, पाणी कोणत्या थरात, याचे निर्णय अशा अभ्यासांवर बेतलेले असतात. समुद्रातली एक विहीर चुकली तरी कोट्यवधी रुपये जातात. संगणकात ती पुसून दुसरीकडे खणता येते.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. उत्पादनात मोठ्या वाढीचे अंदाज त्या वेळी मांडण्यात आले. असा कोणताही अंदाज अखेर एखाद्या प्रतिकृतीतूनच येतो. त्यामुळे पुढील काही वर्षे प्रत्येक विहिरीतून तेलाबरोबर पाणी किती येते, इकडे अभियंत्यांचे लक्ष राहील. तो आकडा अंदाजापेक्षा लवकर चढू लागला, तर घरांमधील पार्यता पुन्हा बदलावी लागेल.