शेवटचं पुस्तक आणि आजीचं उत्तर

गेल्या महिन्यात लेकीने हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग संपवला. वय वर्षं दहा, पानं ६०७. जुरोंगच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक नऊ दिवसांत फस्त! मला जरा हेवाच वाटला. सहाव्या भागानंतर या शेवटासाठी आम्ही दोन वर्षं वाट पाहिली होती.

२१ जुलै २००७. लंडनमध्ये मध्यरात्र उलटली आणि पुस्तक विक्रीला आलं; इथे सिंगापूरमध्ये तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर चौघांत एकच प्रत. ज्याचं वाचून व्हायचं होतं, त्याने कानात बोटं घालून फिरायचं. सगळ्यांचं वाचून झाल्यावर भांडणं जुंपली. एक म्हणाला, तंबू घेऊन रानोमाळ भटकायची मधली पानं उगाच ताणलीत. दुसरा स्नेपसाठी हळहळत होता. 'एकोणीस वर्षांनंतर'चा शेवट मात्र कुणालाच पटला नाही. लग्नं, मुलंबाळं, स्टेशनवर निरोप... अगदी मालिकेच्या शेवटच्या भागासारखं!

लेकीला नेमकं तेच आवडलं. "बाबा, सगळे नीट आहेत ना आता!" एवढंच तिचं कारण.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने ही गोष्ट नाशिकच्या आजीला सांगायला घेतली. आईने 'हॅरी पॉटर आणि परीस' हा पहिला भाग मराठीत वाचलाय, त्यामुळे मंडळी ओळखीची. लेकीचं मराठी अडखळत चाललं होतं. जादूची छडी सापडली, हॉरक्रक्स मात्र हॉरक्रक्सच राहिला. मग आला तो खडा, गेलेल्या माणसांना परत आणणारा. हॅरीचे आईवडील येतात, जंगलात त्याच्यासोबत चालतात आणि तो खडा तिथेच टाकून देतो.

"का टाकला? मी ठेवला असता. आजोबांना बोलावलं असतं."

बाबा मे २०२१ मध्ये गेले. कोविडमुळे मला जाता आलं नाही. अंत्यदर्शन फोनवरच घेतलं. तेव्हापासून हा विषय आम्ही सगळेच टाळत आलो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टाकला ते बरं केलं, बाळा. सारखं बोलावलं तर त्यांचा जीव इथे रमेल का? आणि आपल्यालाही आपली कामं असतातच की."

पुस्तकातल्या तीन भावांच्या गोष्टीतही असंच आहे. मधला भाऊ आपल्या मेलेल्या प्रेयसीला परत आणतो, पण ती इथे रमत नाही. लेकीने ही गोष्ट आजीला अजून सांगितलीच नव्हती.

२००७ च्या आमच्या भांडणांत या खड्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. त्या रात्री मी जंगलातलं ते प्रकरण पुन्हा वाचलं. सावकाश.

फोन ठेवताना आई लेकीला म्हणाली, "मधले पाच भाग राहिलेच की गं! पुढच्या रविवारी दुसऱ्यापासून सांग."