‘डिनाय’ की ‘रिफ्यूज’?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या शेजारी एक फिटर राहत. एका संध्याकाळी ते इंग्रजी पत्र घेऊन आले. ‘मास्तर, एवढं वाचून सांगा,’ म्हणाले. कारखान्यात त्यांना एक नोटीस दिली होती. ‘आधी मराठीत समजावून सांगा, मग सही करतो,’ असं म्हणून त्यांनी कागद परत केला. तिथल्या कारकुनाने मुख्य कचेरीला कळवलं, की कामगाराने ‘डिनाइड साइनिंग द नोटीस’. त्याच्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘सही करायला नकार दिला’. कचेरीने मात्र असा अर्थ घेतला, की नोटिशीवर सही आहे, पण ती आपली नव्हे असं हा माणूस म्हणतो. म्हणून हस्ताक्षराचे नमुने मागवणारं हे पत्र! कागदावर सहीच नव्हती, तर नमुने जुळवायचे कशाशी? या पत्रापत्रीत तीन महिने गेले, आणि तेवढे दिवस हे गृहस्थ निलंबित, अर्ध्या पगारावर.

कारकुनाला हसू नका. आपण मराठीत आरोप नाकारतो आणि चहाही नाकारतो, क्रियापद एकच. इंग्रजीत ही दोन वेगळी कामं आहेत. झालेल्या गोष्टीबद्दल ‘असं घडलंच नाही’ म्हणणं म्हणजे ‘डिनाय’. पुढे करायच्या कामाला ‘मी करणार नाही’ म्हणणं म्हणजे ‘रिफ्यूज’. म्हणून ‘डिनाइड टु साइन’ हे वाक्यच होत नाही. ‘टु’ लावून काम सांगायचं असेल तर ‘रिफ्यूज्ड टु साइन’. (चहाला मात्र ‘रिफ्यूज’ जरा फटकळ वाटतं, तिथे ‘डिक्लाइन’ बरं.)

घोटाळ्याला इंग्रजीचाही हातभार आहे. रजा नाकारली, प्रवेश नाकारला, अशा ठिकाणी म्हणजे मागितलेली वस्तू न देण्याच्या अर्थी, दोन्ही शब्द चालतात. तिथे कान सरावतो आणि मग माणूस नको तिथे घसरतो.

‘से’ आणि ‘टेल’ची गोष्ट याच घरातली. ‘त्याने सांगितलं, की उद्या सुट्टी आहे’ हे मराठी वाक्य कुणाला सांगितलं ते न बोलताही पुरं होतं. इंग्रजी ‘टेल’ला समोर ऐकणारा लागतो, ‘ही टोल्ड मी’. ऐकणाऱ्याचा उल्लेख नसेल तर ‘ही सेड’. उलट ‘मला म्हणाला’चं ‘सेड मी’ करू नये, मध्ये ‘टु’ हवा. खरं-खोटं आणि गोष्ट सांगायला ‘टेल’ ऐकणाऱ्याशिवायही चालतो, एवढा अपवाद.

हे सगळं नुसता अर्थ पाहून कळत नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांना ते उमगलं होतं. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये तिथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. कोणत्या क्रियापदापुढे वाक्य कसं चालतं, हे त्यात विद्यार्थ्यांसाठी दाखवलेलं आहे. कोश उघडलात तर अर्थाखालचं उदाहरणही वाचा, एवढंच माझं मागणं.

फिटरांच्या पुतण्याने उत्तराचा मसुदा आणला होता. त्यात काकांनी सही केली नसल्याचं ‘ॲडमिट’ केलं होतं! ‘ॲडमिट’ म्हणजे कबुली. जिथे चूकच नाही तिथे ती कशाला? मी तो शब्द खोडून ‘स्टेट’ घातला आणि ‘रिफ्यूज्ड टु साइन अनटिल इट वॉज एक्सप्लेन्ड इन मराठी’ असं लिहून दिलं. पुढच्या पंधरवड्यात नमुन्यांची मागणी मागे घेतली गेली, नोटीस मराठीत वाचून दाखवली आणि त्यांनी खाली सही केली. नोटीस होती दोन दिवस उशिरा आल्याची.