नांदगावच्या माळावरील माध्यमिक विद्यालय

मनमाडहून भुसावळकडे निघालेली गाडी पानेवाडी, हिसवळ ही लहान स्थानके मागे टाकून नांदगावास पोहोचते, तोवर सह्याद्रीचा पाऊस पश्चिमेस पुष्कळ दूर राहिलेला असतो. दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, उत्तरेस गिरणेचे खोरे, आणि या दोहोंमध्ये बाजरी, मका, कपाशी व कांदा पिकविणारी मुरमाड जमीन, असा हा नाशिक जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील अवर्षणप्रवण तालुका आहे. निजामाच्या मुलखातून रेल्वे जाण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे प्रवासी याच स्थानकावर उतरून टांग्याने पुढे जात, असा या गावाचा जुना लौकिक. आज त्या रस्त्याने सकाळी दहाच्या सुमारास सायकली, एस. टी. च्या गाड्या आणि पायी चालणारी मुले गणवेशात दिसू लागतात, आणि ती ज्या कौलारू वा पत्र्याच्या इमारतीकडे वळतात, तेथे चालणारे अध्ययन हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ग्रामीण भागात माध्यमिक शिक्षण पोहोचले ते सहजासहजी नव्हे. १९१४ साली नाशिकात मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली, तेव्हा रावसाहेब थोरात आदी कार्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न होता तो शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय कोठे लागेल हा, आणि म्हणून त्या कार्यात शाळेइतकाच बोर्डिंगाचाही वाटा राहिला. मुलाला शाळेकडे नेण्याऐवजी शाळाच मुलाकडे नेण्याचे काम पुढच्या पिढीने केले. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. अकरावीची ती परीक्षा १९७५ पासून दहावीवर आली. परंतु खेड्यातील घरात तिचे वजन तसूभरही कमी झाले नाही, आणि अजूनही ज्या घरातील पहिले मूल दहावी उत्तीर्ण होते, त्या घरी त्या दिवशी पेढे वाटले जातात.

वेळापत्रकाच्या चौकटीत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे विषय ओळीने बसविलेले असतात व मंडळाच्या लेखी ते शहरात आणि खेड्यात सारखेच असतात. माझ्या मते मात्र खेड्यातील शिक्षकाचे खरे कर्तृत्व त्या छापील विषयाला गावच्या जमिनीवर उभे करण्यात आहे, आणि या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

भूमितीच्या एका तासाचे उदाहरण देतो. नववीच्या वर्गात पायथागोरसचे प्रमेय चालले होते. फळ्यावर पक्ष, साध्य, सिद्धता अशी परंपरागत मांडणी झाली, आकृती सुबक निघाली, आणि तरीही वर्गाच्या मागच्या बाकांवर जी निर्विकार शांतता पसरते ती पसरलीच होती. शिक्षकांनी खडू खाली ठेवला आणि विचारले, ‘घराचा पाया आखताना गवंडी कोपरा कसा धरतो?’ क्षणभराने मागून एक मुलगा उठला. त्याचे वडील गवंडीकाम करीत. एका बाजूस तीन फुटांवर खूण करायची, दुसरीस चारावर, आणि खुणांमधील दोरी बरोबर पाच फूट भरली की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला, असे त्याने सांगितले, आणि सांगताना त्याचे हात दोरी ताणल्याप्रमाणे आपोआप फाकले. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस. वर्गातील अनेकांनी ती बेरीज बोटांवर करून पाहिली. त्यानंतर सिद्धता पुन्हा पहिल्यापासून घेतली गेली, कारण तीन-चार-पाचाला जे लागू पडते ते प्रत्येक काटकोन त्रिकोणाला का लागू पडावे, हा प्रश्न आता मुलांचा स्वतःचा झाला होता. गवंड्याची दोरी येथे प्रमेयाची पर्यायी वाट म्हणून आली नाही. प्रमेयाची गरज तिने उत्पन्न केली. बीजगणितातही असेच घडते. बाजार समितीत कांदा विकल्यावर जी हिशोबपट्टी हाती पडते, तिच्यात क्विंटलचा भाव, वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती येणारी रक्कम असा तपशील असतो. त्यातील एक आकडा झाकून तो काढावयास सांगितला, म्हणजे अज्ञात राशी म्हणजे काय हे निराळे समजवावे लागत नाही.

भूगोलाला तर या तालुक्याने उपजतच प्रयोगशाळा दिली आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या येथील मूल वाचण्यापूर्वी भोगते. गिरणा कळवण-सुरगाण्याकडील डोंगरांत उगम पावते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते. तिच्यावरील मोठे धरण नांदगाव तालुक्यात बांधले गेले, आणि त्याच्या पाण्याने जामदा व पांझणच्या कालव्यांवाटे मुख्यतः खालच्या जळगाव जिल्ह्याची शेती भिजते. धरण आपल्या तालुक्यात आणि शेत कोरडे, हे कसे, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा शिक्षकाने समोच्चरेषांचा नकाशा उघडावा, पाणी उताराने जाते हे दाखवावे, आणि त्यापुढील वाटपाचा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला राखून ठेवावा. शहरातील शाळेला इतका जिवंत प्रश्न सहसा लाभत नाही.

भाषेचा विषय यापेक्षा नाजूक आहे. नायडोंगरीच्या बाजूच्या कित्येक घरांत अहिराणी बोलली जाते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी. अशा मुलाला प्रथम भाषा म्हणून नेमलेली मराठी वस्तुतः दुसरी असते, हिंदी तिसरी, आणि इंग्रजी चौथी. त्याच्या निबंधातील अहिराणी रूपांवर केवळ तांबडी शाई फिरवून काम भागत नाही. घरची बोली आणि लेखनाची प्रमाणभाषा या दोहोंचे व्याकरण शेजारी ठेवून शिकविणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वर्गातील मुले बोलताना खाली पाहत नाहीत.

या सर्वांवर आघात करते ती हजेरीपटावरील रिकामी जागा. दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या तांड्यांवरून निघतात, आणि दुसऱ्या सत्रात काही नावांपुढे गैरहजेरीचे शेरे सलग पडू लागतात. आजीपाशी मागे ठेवलेली मुले शाळेत टिकतात. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी कारखान्याच्या फडावर नेलेली थोरली मुलगी बहुधा टिकत नाही. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस. टी. चा मोफत पास मिळतो, ही शासनाच्या अत्यंत उपकारक योजनांपैकी एक होय, आणि अनेक मुलींची दहावी केवळ त्या पासावर झाली आहे. तथापि मुलगी गावातच नसेल तर पासाचा उपयोग काय? ज्या गावांत हंगामी वसतिगृह मन लावून चालविले जाते, तेथे हे शेरे कमी होतात. हा खर्च वाढविण्यात शासनाने हात आखडता घेऊ नये.

शेवटी मूल्यमापनाविषयी. शालान्त परीक्षेत बहुतेक विषयांना ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, अशी विभागणी आहे. हे २० गुण अनेक ठिकाणी वह्या पूर्ण केल्याबद्दल सरसकट दिले जातात, आणि शिक्षकाच्या हाती असलेली एकमेव मोकळी जागा अशी वाया जाते. नांदगावसारख्या तालुक्यात ती भरणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने वस्तीजवळची एक विहीर निवडावी, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दर पंधरवड्यास खुणेच्या दोराने पाण्याची पातळी मोजावी, आकडे तक्त्यात भरावेत, त्यांचा आलेख काढावा, शेजारच्या विहिरीशी त्याची तुलना करावी आणि फरकाची कारणे खडकाच्या थरांत व उपशात शोधून पानभर मराठीत लिहावीत. गणित, भूगोल, विज्ञान आणि मराठी या चारही विषयांच्या शिक्षकांना तीच वही तपासता येईल, आणि चार-पाच वर्षांच्या अशा वह्या एकत्र बांधल्या, तर पाणलोटाची कामे आखणाऱ्या ग्रामपंचायतीलाही त्या शाळेच्या कपाटातून मागून न्याव्या लागतील.