उसाच्या फडातील 'लपाछपी' : भीती नेमकी कशाची?

रेणापूर, प्रतिनिधी : रेणा आणि मांजरा नद्यांच्या काठच्या गावांना ऊस नवा नाही. मात्र डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरल्यावर चार हातांपलीकडचे दिसत नाही, दिशा कळत नाही. वाऱ्याने सळसळणारे पाचट आणि कोणाची तरी चाहूल यांतील फरकही चटकन ओळखता येत नाही. रोजच्या पाहण्यातील हाच ऊस दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी 'लपाछपी' या मराठी भयपटात भीतीचे साधन म्हणून वापरला. हा चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.

कथा थोडक्यात अशी. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गर्भवती आहे. पती तुषार (विक्रम गायकवाड) देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे तिला घेऊन शहराबाहेर पडतो. चालक भाऊराव या दोघांना आपल्या गावाकडच्या घरी आणतो. घराच्या चहूबाजूंना ऊसच ऊस. तेथे भाऊरावची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची काळजी घेऊ लागते आणि थोड्याच दिवसांत नेहाला फडात खेळणारी मुले दिसू लागतात.

भयपटाला एकाकी जागा का लागते, याचे एक उत्तर खर्चात दडलेले आहे. एक घर, मोजकी पात्रे आणि मोकळे रान एवढ्यावर निर्मिती भागते. भव्य देखावे किंवा महागडी संगणकीय दृश्ये लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातील 'लाँग वीकेंड' (१९७८) या चित्रपटात निर्जन किनाऱ्यावर मुक्कामाला गेलेल्या जोडप्याभोवती निसर्गच शत्रू होऊन उभा राहतो. अमेरिकेतील 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) तर तीन तरुण आणि एक जंगल एवढ्याच भांडवलावर जगभर गाजला. न दिसणाऱ्या गोष्टीची कल्पना प्रेक्षक स्वतःच करतो. त्यासाठी निर्मात्याला पैसे मोजावे लागत नाहीत.

दुसरे उत्तर कथेच्या गरजेत आहे. शेजारी नाही, रस्ता सापडत नाही, मदतीची हाक कोठे पोहोचत नाही, अशा ठिकाणी माणसाला सोबतच्या माणसावरच विसंबावे लागते. 'लपाछपी'चा खरा घाव येथे आहे. फडातील मुलांपेक्षा घरातील मायेचा आवाज हळूहळू अधिक भयावह वाटू लागतो. मुलगी नको, या हट्टापायी झालेली पापे त्या घराने दडवून ठेवलेली असतात. लहान मुलांच्या खेळाचे नाव चित्रपटाला दिले आहे ते त्यामुळेच.

ही भीती पडद्यापुरती नाही, हे आकडे सांगतात. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ती ८०७ इतकी खाली गेली. या मुली कोणत्याही फडात हरवल्या नव्हत्या. त्यांना नाकारण्याचा निर्णय घरात झाला आणि तो तडीस गेला दवाखान्यात.

फुरिया यांनीच या कथेचा 'छोरी' हा हिंदी अवतार २०२१ मध्ये आणला. नुसरत भरुचा यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात कथा उत्तर भारतात गेली, भाषा बदलली, पण ऊस तसाच राहिला आणि 'मुलगाच हवा' हा हट्टही. प्रांत बदलूनही कथेत फारसे काही बदलावे लागले नाही, ही बाब चित्रपटातील कोणत्याही भुतापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे.

गाळप हंगाम सुरू झाला की फड तुटतो, रान मोकळे होते आणि तेथे भिण्यासारखे काही उरत नाही. घराच्या चार भिंतींआड चाललेली लपाछपी मात्र कोणत्याही हंगामात आपोआप उघडी पडत नाही.